चिमीचा जिना अडलाय

या महिन्यात आलेल्या पत्रांत मांजरांच्या भांडणांची पत्रं जास्त आहेत. पावसाळा लागला की हे दर वर्षी होतं. दिवसभर कौलांवर आणि परड्यात हिंडणारी मांजरं घरात येतात, बाहेरच्या बसायच्या जागा भिजतात, आणि दोघातिघांच्या वाट्याला एकच कोरडा सोपा उरतो. पहिलं पत्र लांब आहे, पण जवळजवळ सगळं छापतेय, कारण उत्तर त्या पत्रातच लपलेलं आहे.

प्रश्न : डॉक्टरताई, आमचं घर शिवाजी पेठेत, जुनं कौलारू. पुढं सोपा, मग माजघर, मागं स्वयंपाकघर आणि परडं. माजघरातनं लाकडी जिना माडीवर जातो. २०१९ च्या महापुरात सुतारवाड्यात नणंदेच्या घराच्या पत्र्यावर एक पिल्लू अडकलं होतं, ते आम्ही घेऊन आलो. तीच आमची चिमी, तिरंगी. सहा वर्षं ती एकटीच होती. तीन महिन्यांपूर्वी आमच्या मालकांनी मार्केट यार्डातल्या गुळाच्या दुकानातनं एक तांबूस बोका आणला, दहा-अकरा महिन्यांचा. नाव गुळ्या. पिशवीतनं आणला आणि थेट सोप्यावर चिमीच्या पुढ्यात सोडला. ती फिस्कारली, माडीवर पळाली, ती दोन दिवस खाली उतरली नाही. आता मारामारी फारशी नाही. गुळ्या नुसता जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून असतो. पण महिन्याभरापासून चिमी माडीवर सासूबाईंच्या वाकळेवर मुतते. खाली मोरीजवळ वाळूचं घमेलं आहे, वाळू रोज बदलतो, तरी. सासूबाई म्हणतात, "भाटी मुद्दाम करत्या, खुन्नस काढत्या. पोत्यात घालून नदीपल्याड सोडून या." त्यांनी आधी दोघांना एका ताटलीत दूधभातही घालून बघितला, एका ताटात जेवली की माया लागते म्हणून. मी गुळ्यावर पाण्याचा फवारा मारून बघितला. माडी रोज फिनेलनं पुसते. यांची कधी मैत्री होईल का? का एकाला कुणाला तरी देऊन टाकू?
– एक भगिनी, शिवाजी पेठ

उत्तर : "आता मारामारी फारशी नाही" हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. मग पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तुमच्या घराचा नकाशा काढला. घमेलं खाली. जेवण खाली, पाणी खाली. परड्यात जायची वाट खाली. चिमी वर. आणि वर-खाली करायला एकच जिना, त्याच्या पायरीवर गुळ्या. ताई, भांडण थांबलेलं नाही. गुळ्यानं नाका अडवलाय, आणि त्यासाठी त्याला पंजाही उगारावा लागत नाही.

मांजरांची बहुतेक भांडणं अशीच बिनआवाजाची असतात. एकानं वाटेत बसायचं आणि टक लावून बघायचं. दुसरं दोन पायऱ्या उतरतं, थांबतं, मान वळवून परत फिरतं. माणसाला दिसतं ते एवढंच, की बोका पायरीवर निवांत बसलाय. उद्या पाच मिनिटं त्याच्याकडं नीट बघा. शेपटीचं टोक हलतंय का, कान किंचित बाजूला वळलेत का, नजर वरच्या अंधाराकडं लागून राहिलीय का. निवांत मांजर डोळे अर्धवट मिटतं. राखण करणारं मिटत नाही.

आता वाकळ. चिमी उभी राहून, शेपटी थरथरवत भिंतीवर मागं पिचकारी मारत असती तर मी म्हटलं असतं की ती हद्दीची खूण करतेय. तुमच्या लिहिण्यावरून ती बसून, एका जागी थारोळं करतेय. म्हणजे तिला शू लागलीय, घमेल्यापर्यंत जाता येत नाही, आणि वर तिला भरवशाची वाटणारी मऊ जागा सासूबाईंच्या वाकळेशिवाय दुसरी नाही. खुन्नस काढणं हे माणसाचं काम. ज्या माणसाच्या वासात तिला धीर वाटतो, त्याच्या अंथरुणाशी ती जाते. सासूबाईंना हे नक्की सांगा. मला वाटतं ऐकल्यावर त्यांचा राग निम्मा होईल.

तरी सगळ्यात आधी तिची लघवी तपासून घ्या. मांजरांत सततच्या ताणानं मूत्राशयाला सूज येते, कसलेही जंतू नसताना. मग थेंब थेंब, पुन्हा पुन्हा, मिळेल तिथं शू होते. त्यावर उपचार आहेत, पण ताण तसाच राहिला तर दुखणं परत येतं. इथंच गुळ्यासाठी, किंबहुना सगळ्याच बोक्यांसाठी, एक गोष्ट सांगून ठेवते : बोका कुंथतोय आणि थेंबही येत नाही असं दिसलं तर सकाळ व्हायची वाट बघू नका. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, ती तुंबली की एक-दोन दिवसांत जीव जातो. रात्री अकरा वाजताही डॉक्टरांचं दार वाजवा.

एका ताटलीचं म्हणाल, तर सासूबाईंचा विचार माणसांच्या बाबतीत खरा आहे, आपली पंगत त्यावरच उभी आहे. पण मांजराचा पूर्वज आफ्रिकेतला रानमांजर, एकट्यानं शिकार करणारा. एक उंदीर म्हणजे एकाच पोटाचा घास, त्यात वाटेकरी धरताच येत नाही. मांजराला दिवसाकाठी दहा-वीस वेळा थोडं थोडं खायला आवडतं ते त्यामुळंच. समोर दुसऱ्याचं तोंड असताना त्याच ताटलीत तोंड घालणं त्याला धोक्याचं वाटतं. एक तर भराभर गिळून ओकतं, नाही तर उपाशी राहतं. चिमीचं वजन करून बघा, उतरलं असेल. (दूधभात जरा मागं घ्या. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं, ते मांस-मासळीतनं मिळतं. ते कायम कमी पडलं तर डोळ्याचा पडदा आणि हृदय दोन्ही बिघडतं. मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचतही नाही. मीठ-मसाला न घालता उकडलेली मासळी किंवा कोंबडी, नाही तर मांजरांचं तयार खाद्य द्या.)

मैत्री होईल का, असं विचारलंत. मांजरं एकत्र राहतात, पण आपखुशीनं राहतात ती बहुतेक नात्यातली : आई, लेकी, बहिणी. एकमेकींची पिल्लंसुद्धा पाजतात. अनोळखी मोठं मांजर दारातनं आत आलं तर ते घुसखोर असतं. चिमी सहा वर्षांची आहे, उद्यापासून ती गुळ्याला चाटेल अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. तुम्ही त्यांची दिलजमाई करायला बसू नका, वाटणी करून द्या. आपल्या भावकीत बघा की. वाटण्या नीट झाल्या की दोन्ही घरं एकमेकांच्या लग्नात जेवायला जातात, आणि एकाच चुलीवर कोंबून ठेवली की बांधावरनं डोकी फुटतात.

हे मला पहिल्यापासून समजत नव्हतं. दवाखाना काढला त्या सुरुवातीच्या वर्षांत मीसुद्धा लोकांना सांगायची, "भांडू देत, चार दिवसांत ठरेल कोण मोठं ते." मंगळवार पेठेतल्या एका घरातली करडी भाटी माझ्या त्या सल्ल्यावर तीन आठवडे राहिली. तिच्या शेपटीच्या मुळाशी चाव्याचं गळू झालं. गळू तोंडावर असेल तर मांजरानं सामना केलेला असतो, शेपटीशी असेल तर ते पळत होतं. हे मला पुस्तकातनं ठाऊक होतं, तरी मी गळू फोडलं, साफ केलं, इंजेक्शनं दिली आणि तिला परत त्याच बोक्यापुढं पाठवलं. श्रावणातल्या एका पावसाच्या रात्री ती घरातनं गेली ती आलीच नाही. त्या घरातली नऊ-दहा वर्षांची मुलगी पुढं कितीतरी दिवस शाळेतनं येताना दवाखान्याच्या पायरीशी थांबायची आणि विचारायची, "आमची मनी तुमच्याकडं आली का?" तेव्हापासून "भांडू देत" हे शब्द मी कुणाला सांगितलेले नाहीत.

म्हणून वाटणी. पहिल्या दिवसाचं सगळं विसरा, गुळ्या आजच घरात आलाय असं समजून पुन्हा सुरुवात करा. माडी चिमीची. जिन्याच्या तोंडाशी पाडायची फळी असेल तर ती पाडा, नसेल तर सुताराकडून जाळीचं दार बसवून घ्या. माडीवर तिचं स्वतःचं घमेलं, घमेल्यापासून लांब पाणी, जेवण, आणि आडवं ठेवलेलं एक खोकं, ज्यात तिला पाठ भिंतीला लावून बसता येईल. खाली गुळ्यासाठी असंच सगळं. घमेली किती, तर मांजरं दोन म्हणजे घमेली तीन, आणि तीही एका रांगेत नकोत. शेजारी शेजारी ठेवलेली तीन घमेली मांजराच्या हिशोबी एकच असतात, कारण एकच बोका तिन्ही अडवतो.

मग वासांची देवाणघेवाण. जुन्या सुती साडीचे दोन तुकडे घ्या. एक गुळ्याच्या गालांवरनं, मिशांच्या मागं हलक्या हातानं फिरवा, दुसरा चिमीच्या. मांजर गाल घासतं तिथं आपला वास ठेवतं, आणि तो वास "इथं सगळं ठीक आहे" असं सांगणारा असतो. याचा तुकडा तिच्या ताटलीपासून दोन हात लांब ठेवा, तिचा त्याच्या. हुंगून निघून गेली तर उद्या थोडा जवळ. फिस्कारली तर परत लांब. तुकड्याशेजारी बसून जेवू लागली की फळीच्या दोन बाजूंना दोघांचं जेवण ठेवा, आधी लांब, मग रोज वीतभर जवळ. मग जाळीतनं एकमेकांना बघत जेवू देत. मग दार चार बोटं उघडं, मग पाच मिनिटं पूर्ण उघडं, तुम्ही तिथं बसलेल्या असताना. एखादी पायरी दोन दिवसांत होईल, एखादीला तीन आठवडे लागतील. घाई झाली तर पुन्हा एकपासून सुरुवात होते. दिवाळीपर्यंतचा वेळ धरून चला.

आणि जिना. दार उघडल्यावरही जिना एकच असेल तर गुळ्या परत पायरीवर बसणार. जिन्याच्या वरच्या कठड्यापासून माजघराच्या भिंतीला वीतभर रुंद फळ्या ठोकून घ्या, कपाटाच्या माथ्यापर्यंत, आणि तिथनं स्वयंपाकघराच्या बाजूला उतरायला एक स्टूल. फळ्यांवर गोणपाट ठोका म्हणजे नख्या रुततात, पाय घसरत नाही. चिमी वरनं जाईल, गुळ्या खालनं. ज्या दिवशी तिला दुसरी वाट मिळेल त्या दिवशी पायरीवर बसण्यात काही अर्थ उरणार नाही. माझा सगळ्यात जास्त भरवसा या फळ्यांवर आहे.

गुळ्याचं खच्चीकरण झालंय का ते तुम्ही लिहिलेलं नाही. झालं नसेल तर याच आठवड्यात करून घ्या. बोक्यांचं भटकणं, लढणं, पिचकाऱ्या मारणं त्यानं पुष्कळ कमी होतं. पिचकाऱ्यांपुरतं बोलायचं तर दहातल्या साधारण नऊ बोक्यांत. मात्र वागणं बदलायला काही आठवडे जाऊ शकतात, दुसऱ्याच दिवशी फरक शोधू नका. त्याच वेळी दोघांच्या लसी आणि रक्ततपासणीही करून घ्या. मांजरांचा एड्स म्हणतात तो विषाणू, कॅलिफोर्नियात १९८६ मध्ये पहिल्यांदा ओळखला गेलेला, मुख्यतः चाव्यातनंच पसरतो. माणसाला तो होत नाही.

फिनेल आजपासून बंद. फिनेलसारखी औषधं पचवून बाहेर टाकायची ताकद मांजराच्या यकृतात फारच कमी असते. पुसलेल्या फरशीवरनं चालायचं आणि मग पंजे चाटायचे, म्हणजे रोज थोडं थोडं विषच. वाकळ कपड्याच्या साबणानं धुऊन दोन-तीन वेळा साध्या पाण्यातनं काढा आणि उघडीप मिळेल तेव्हा कडक उन्हात टाका. अमोनियाचा वास असलेलं काहीही वापरू नका, तो तिला लघवीसारखाच वाटतो.

पाण्याचा फवाराही नको. गुळ्याच्या डोक्यात एवढंच बसेल की चिमी दिसली की अंगावर पाणी येतं, म्हणजे ती वाईट. कधी खरंच जुंपली तर मध्ये हात घालू नका. दोघांच्या मध्ये पाट आडवा घाला किंवा सूप सरकवा, नजर तुटली की पुरे. चावा लागलाच तर साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. मांजराचे सुळे सुईसारखे असतात, वरनं छोटं भोक आणि आत पू. शिवाय रेबीजचा विचार दर वेळी करावाच लागतो.

हे सगळं करूनही पाच-सहा महिन्यांत चिमी जेवेना, खाली येईना, तर गुळ्याला दुसरं चांगलं घर बघा. त्यात लाज काही नाही. पण पोतं आणि नदीपल्याड हा विचार घरातनं कायमचा काढून टाका. मांजराचा जीव त्याच्या जागेत असतो. अनोळखी गल्लीत सोडलेलं मांजर दुसऱ्यांच्या हद्दीत उपाशी फिरतं, मार खातं, परतीची वाट शोधताना गाडीखाली येतं. उपासमार होईल अशा रीतीनं जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार गुन्हा आहे. आणि चिमी तर पुरातनं वाचवून आणलेली आहे. सासूबाईंना पत्र्यावरचं ते भिजलेलं पिल्लू आठवत असेल.

प्रश्न : दोन सख्ख्या बहिणी, चार वर्षं एका टोपलीत झोपतात. एकीचा दात काढून दवाखान्यातनं आणली आणि दुसरीनं तिला बघताच शेपूट फुगवून अंगावर झेप घेतली. वेड लागल्यासारखी. असं का?
– ताराबाई पार्क

उत्तर : तिनं बहीण ओळखलीच नाही. मांजराची ओळख डोळ्यांपेक्षा नाकात जास्त असते. तुम्ही घरी आणली ती स्पिरिट, औषधं, दुसऱ्या जनावरांचं भय आणि दवाखान्याचा पिंजरा अशा वासांची कुणीतरी परकी. शिवाय भुलीतनं उठलेलं मांजर अडखळत चालतं, तेही विचित्र दिसतं. परत आलेलीला एक-दोन दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, तिच्या अंगाखाली टोपलीतलं जुनं, न धुतलेलं फडकं घाला. तिनं स्वतःला चाटून चाटून घरचा वास परत आणला की दार थोडं उघडा. बहुतेक बहिणी आठवड्याच्या आत पूर्ववत होतात. पुढच्या वेळी दोघींना बरोबरच आणा, एकीला काही झालेलं नसलं तरी. वास दोघींना सारखाच लागतो. माझ्या दवाखान्यात अशा सोबत आलेल्या बहिणीचे पैसे मी लावत नाही.

प्रश्न : आमची दोन पिल्लं खेळतात की भांडतात हे कसं ओळखू? आई घाबरते.
– एक विद्यार्थिनी, उद्यमनगर

उत्तर : आवाज ऐक. खेळ जवळजवळ मुका असतो, भांडण गुरगुरत आणि किंचाळत होतं. खेळात पाळी बदलते, आता हा वर, मग तो वर. नख्या आत असतात, कान पुढं. एकच जण सारखा खाली आणि सारखा पळतोय, कान चपटे झालेत, तर मध्ये पाट घाल. आईला सांग, दिवसातनं दहा वेळा कुस्ती करणारी पिल्लं चांगली वाढतायत.

प्रश्न : माझ्या दोन्ही मांजरी दोन वर्षं गुण्यागोविंदानं राहतात. गेल्या शनिवारी संध्याकाळी मोठी गॅलरीच्या काचेशी बसली होती, अचानक वळली आणि मागं झोपलेल्या धाकटीवर तुटून पडली. मी सोडवायला गेलो तर माझा हातही फाडला. तेव्हापासून धाकटी पलंगाखालून निघत नाही.
– कसबा बावडा

उत्तर : काचेपलीकडं कोण होतं ते बघितलंत का? मला वाटतं, गॅलरीच्या कठड्यावर बाहेरचा एखादा बोका बसला असावा. मोठीला त्याच्यावर जायचं होतं, मध्ये काच. तो भडका जवळ जो सापडला त्याच्यावर निघाला, आधी धाकटी, मग तुम्ही. अशा वेळी भडकलेलं मांजर तासन् तास शांत होत नाही, कधी पूर्ण दिवसही जातो. त्याला उचलू नका, समजावू नका. एका अंधाऱ्या खोलीत पाणी आणि घमेलं ठेवा आणि दार लावून घ्या.

आता दोघींना वेगळ्या खोल्यांत ठेवून वर चिमीसाठी सांगितलेली फडक्यांची आणि दाराची पद्धत करा. तुमचं काम शिवाजी पेठेतल्या ताईंपेक्षा सोपं आहे, कारण या दोघींची ओळख जुनी आहे. काचेचा खालचा दीड हात भाग ब्राऊन पेपरनं झाका, म्हणजे उजेड येईल पण बोका दिसणार नाही. गॅलरीत रात्री खरकटं ठेवत असाल तर बंद करा. मोठीचं अंगही दाबून तपासून घ्या. दात, सांधे, कुठंही दुखत असलं तर मांजर लवकर भडकतं. तुमच्या हाताला अजून सूज असेल तर आजच स्वतःच्या डॉक्टरांकडं जा, उद्या नको.

आणि तो बाहेरचा बोका. तो किती वाजता येतो ते चार दिवस लिहून ठेवा. तो कुणाचाच नसेल तर त्याचंही खच्चीकरण करून घेऊ. सापळ्याचा पिंजरा माझ्याकडं आहे, घेऊन जा. आत तळलेल्या बांगड्याचा तुकडा ठेवायचा आणि वर चादर टाकायची.